रुंद चवड्यासाठी रोड सायकलिंगचे बूट : एक नंबर मोठा घ्यावा की वाइड मागवावा?

फोंडेकर_सायकल

नमस्कार मंडळी,

बुटांसाठी सल्ला हवा आहे. माझा चवडा रुंद आहे, आणि थोडाथोडका नव्हे. काल संध्याकाळी कागदावर उभा राहून बायकोकडून दोन्ही पाय आखून घेतले. उजवा पाय २६.४ सेंमी लांब आणि चवड्यापाशी ११ सेंमी रुंद, डावा २६.२ लांब आणि १०.८ रुंद. कमान बसकी. साधे ऑफिसचे बूट घेतानाही लांबी बरोबर आली की करंगळी दबते आणि करंगळी सुटली की टाच निघते, हे शाळेपासून चालत आलंय.

सध्या ४२ नंबरचे युरोपियन कंपनीचे बूट वापरतो. तीन बोल्टची क्लीट (बूट पेडलमध्ये अडकवणारा सोलखालचा तुकडा), नायलॉनचा सोल, वर एक डायल आणि खाली एक वेल्क्रोचा पट्टा. रविवारी फोंड्याहून निघतो, फर्मागुडी, म्हार्दोळ, मंगेशी, बाणस्तारीचा पूल, जुने गोवे, रायबंदरचा बांध, पणजी, दोनापावल आणि त्याच वाटेने परत. सत्तरेक किलोमीटर होतात. जाताना काही त्रास नाही. मिरामारला पोचेपर्यंत मुंग्या यायला लागतात. परतीला बाणस्तारी ओलांडली की तिसरं आणि चौथं बोट बधिर होतं आणि चवड्याखाली आग व्हायला लागते. फर्मागुडीचा चढ सुरू व्हायच्या आधी मी थांबतो, बूट काढतो, बोटं दाबतो, आणि पाचेक मिनिटांत सगळं पूर्ववत होतं. बूट घालून चढ चढलो की पुन्हा तेच.

बूट काढल्यावर करंगळीच्या मुळाशी लाल वळ दिसतो. बुटाची जाळीही नेमकी त्याच जागी बाहेर फुगली आहे, शिवणीचा धागा उसवायला आलाय, आणि हाताने दाबून बघितलं तर तिथे जाळी सोलच्या कडेवरून बाहेर लोंबते आहे असं जाणवतं.

दुकानात सांगतात ४३ घ्या, हवं तर ४४ घ्या. एक मित्र म्हणतो शिमानोचा वाइड, म्हणजे रुंद साच्याचा बूट, मागव. दुसरा म्हणतो लेक कंपनीच्या बुटांशिवाय पर्याय नाही. बजेट पंधरा हजारांपर्यंत, अगदीच गरज असेल तर थोडं वर. चवथ झाली की पाऊस ओसरेल, तेव्हापासून नीट सराव करून हिवाळ्यात २०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राइड, करायची आहे. तेरा तास तीस मिनिटं वेळ असतो, दमाचं मी बघून घेईन, पण हे पाय घेऊन तेवढं अंतर कसं काढणार याची खरोखर काळजी वाटते.

अजून एक. संध्याकाळी कधी कधी जुन्या गोव्याहून फेरीबोट घेऊन दिवाडी बेटावर जातो. धक्क्याच्या उतरणीवरून क्लीट घालून चालणं हा वेगळाच प्रश्न आहे. त्याचाही विचार करून सांगा.

पणजीचा_ट्रायथलीट

दादा, ४४ अजिबात नको. पाय आत पुढेमागे सरकेल आणि चढावर टाच उचलली जाईल.

मी बाँटचे वाइड वापरतो. ऑस्ट्रेलियन कंपनी आहे, स्टँडर्ड, वाइड, डबल वाइड अशा रुंद्या मिळतात, आणि एशियन म्हणून एक वेगळा साचाही आहे. बूट ओव्हनमध्ये ७० अंशांवर वीसेक मिनिटं तापवायचे, पायात घालायचे, आवळायचे आणि थंड होईपर्यंत बसून राहायचं. माझ्या अंगठ्याच्या बाजूला हाड थोडं बाहेर आहे, तिथे बूट गरम असताना स्क्रू-ड्रायव्हरच्या गोल मुठीने आतून दाबून जागा केली. मिरामारहून सुरू होणाऱ्या हाफ आयर्नमन ट्रायथलॉनमधले सायकलचे ९० किलोमीटर मी त्याच बुटांत केले आणि उतरल्यावर धावायला लागलो तेव्हा पाय जिवंत होते.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. घरच्या ओव्हनचा आकडा खरा नसतो, आत वेगळा थर्मामीटर ठेवा. आणि ज्या बुटांवर कंपनीने तापवायला सांगितलेलं नाही ते ओव्हनमध्ये घालू नका, गोंद सुटतो. तुमच्या बजेटमध्ये मात्र हे बसणं कठीण आहे.

बार्देशचा_स्वार

मी जरा वेगळं सांगतो. क्लीट हवीच का? मी वर्षानुवर्षं साधी रुंद पेडलं आणि रुंद स्पोर्ट शूज घालून चालवतो. बीआरएममध्ये क्लीट पाहिजे असा कसलाही नियम नाही. फेरीबोटीवर चढता येतं, चहाला थांबलं की माणसासारखं चालता येतं, पाय हवा तसा हलवता येतो. चांगल्या पेडलला बारीक खिळे असतात, पाय पावसातही सरकत नाही. सोल मात्र कडक बघा, मऊ धावण्याच्या बुटांत पेडलचा काठ तळव्याला टोचतो. पंधरा हजार घालण्याआधी महिनाभर असं करून बघायला हरकत नाही.

म्हापशेची_रँडोनर

फोंडेकर भाऊ, तुम्ही पाय आखून मापं दिलीत म्हणून नेमकं उत्तर देता येतंय. बहुतेक जण नुसतं "माझा ४२ आहे" एवढंच सांगतात आणि मग सगळे अंदाजाने बोलतात. माझाही चवडा रुंद आहे, आणि बायकांच्या म्हणून जे रोडचे बूट येतात ते बहुधा आणखी अरुंद असतात, त्यामुळे हा विषय मला सोडवावाच लागला. जरा सविस्तर लिहिते.

आधी एक नंबर मोठ्याबद्दल, कारण दुकानात सगळ्यांना हाच सल्ला मिळतो आणि याच सल्ल्याने सर्वांत जास्त पाय दुखतात. युरोपियन नंबरात एका नंबरचा फरक म्हणजे लांबीत पाऊण सेंटीमीटरला जरा कमी, ६.७ मिलीमीटर. रुंदी मात्र त्यात जेमतेम दीड-दोन मिलीमीटर वाढते. तुम्हाला रुंदी हवी आहे आणि मिळते लांबी. ४४ घेतलात तर तेरा मिलीमीटर लांबी आणि तीन-चार मिलीमीटर रुंदी. बोटांपुढे रिकामी जागा, बाजूला तोच दाब.

ही झाली अर्धी गोष्ट. उरलेली अर्धी सहसा कुणी सांगत नाही. क्लीटची भोकं बुटाच्या लांबीच्या हिशेबाने पाडलेली असतात. तुमची टाच तर मागेच टेकणार. बूट मोठा झाला की भोकं पुढे सरकतात, पण तुमच्या चवड्याचं हाड होतं तिथेच राहतं. म्हणजे क्लीट चवड्याखालून निघून बोटांकडे जाते, आणि प्रत्येक पेडलला सगळा जोर बोटांच्या मुळाशी पडतो. आग तिथेच होते. मग माणूस क्लीट मागे घ्यायला जातो तर खाच संपलेली असते. बूट मोठा घेतल्याने बोटांची आग वाढलेले कितीतरी जण मी बीआरएमच्या कंट्रोलवर, म्हणजे वाटेतल्या नोंदणीच्या थांब्यावर, बूट काढून बसलेले पाहिलेत, आणि त्यातल्या बहुतेकांना वाटत असतं की आपले पायच सायकलिंगचे नाहीत. पाय उत्तम असतात. बूट चुकीचा असतो.

आता तुमचे सध्याचे बूट. जाळी सोलच्या कडेवरून बाहेर फुगली आहे असं लिहिलंत, त्यातच निदान आहे. तरी एक खात्री करून घ्या. बुटातला इनसोल, म्हणजे आतला सुटा तळ, बाहेर काढा, फरशीवर ठेवा, टाच त्याच्या मागच्या काठाला नीट जुळवा आणि दोन्ही पायांवर सारखा भार देऊन त्यावर उभे राहा. मग कुणाला तरी खाली बसून बघायला सांगा. अंगठ्याच्या मुळाशी आणि करंगळीच्या मुळाशी मांस इनसोलच्या बाहेर किती येतंय? एका बाजूला दोन-तीन मिलीमीटर येत असेल तर वरचा भाग सैल करून चालू शकतं. दोन्ही बाजूंनी येत असेल, किंवा करंगळी पूर्ण फरशीवर टेकत असेल, तर तो सोलच तुमच्यासाठी अरुंद आहे, आणि सोल कुठल्याही मोच्याला रुंद करता येत नाही. चामड्याचे जुने बूट लाकडी साच्यावर ताणून मोकळे करतात तसं नायलॉन किंवा कार्बनच्या सोलचं होत नाही. वरचं ताणलं तरी पाय सोलच्या कडेवर बसतो, आणि ती कड करंगळीला खालून कापत राहते.

हीच परीक्षा नव्या बुटांसाठीही करायची. दुकानात इनसोल काढून त्यावर उभं राहायला लाजू नका.

कुठले घ्यायचे? तुमच्या बजेटमध्ये शिमानोचा वाइड हे माझं स्पष्ट मत. त्यांच्या आरसी३ आणि आरसी५ या दोन्ही मॉडेलांत वाइड निघतो. बाहेरून बूट तसाच दिसतो, त्यामुळे खोक्यावर वाइड किंवा ई लिहिलेलं नीट वाचून घ्या, दुकानदार अनेकदा साधाच दाखवतो. शिमानोच्या तक्त्यात ४२ म्हणजे २६.५ सेंमी पाय आणि ४३ म्हणजे २७.२. तुमचा मोठा पाय २६.४, म्हणजे ४२ वाइड. घेताना नेहमी मोठ्या पायाच्या मापाने घ्या, लहान पायाला थोडा जाड इनसोल घालता येतो. आरसी३ आणि आरसी५ मधला महत्त्वाचा फरक सोलच्या कडकपणाचा आणि वजनाचा, आणि चवड्याला आग होणाऱ्या माणसाने सर्वांत कडक सोलच्या मागे लागू नये असं मला वाटतं. आरसी३ पुरेसा आहे. उरलेले पैसे इनसोल आणि चांगल्या मोज्यांत घाला.

पण ११ सेंमी रुंदी ही ४२ नंबराच्या मानाने बरीच आहे. शिमानोचा वाइड घालूनही इनसोलच्या परीक्षेत करंगळी बाहेर आली तर तुमचा मित्र बरोबर बोलतो, लेककडे जायला लागेल. त्यांच्याकडे वाइड तर आहेच, काही मॉडेलमध्ये त्याहून रुंदही आहे, आणि त्यांच्या बुटाचा पुढचा आकार खरोखर पायाच्या आकाराचा असतो. सिडी कंपनीत मेगा म्हणून रुंद साचा असतो, जिरो कंपनीच्या काही बुटांना एचव्ही, म्हणजे जास्त जागेचा साचा, असतो. एचव्हीत उंचीही वाढलेली असते, म्हणजे ज्यांची पायाची पाठ उंच त्यांना ते जास्त मानवतात. तुमची कमान बसकी आहे, पाठही बहुधा उंच नसणार, तेव्हा तिथे वरून पोकळी राहील आणि डायल जास्त आवळावा लागेल. नुसतं रुंद लिहिलंय म्हणून घेऊ नका. परदेशातून मागवलेत तर कस्टमची रक्कम धरून हिशेब करा, आणि नंबर चुकला तर परत पाठवणं महाग पडतं.

बूट घालून बघायचे ते संध्याकाळी. आपल्या हवेत दिवसभर उभं राहिलं की पाय सुजतो आणि सायकलवर दोन तासांनी तो त्याहून सुजतो. सकाळी दहाला पणजीच्या वातानुकूलित दुकानात जो बूट मस्त बसतो तो दुपारी बाराला रायबंदरच्या बांधावर बसत नाही. सायकलिंगचेच मोजे घालून जा. आधी टाच मागे आपटून बसवा, मग वरचा डायल, शेवटी चवड्यावरचा पट्टा, आणि तो नुसता टेकवायचा. सोलचा कडकपणा आणि टाचेची पकड बूट पायात ठेवते, चवडा बांधायचं काही कारण नाही. बोटांपुढे पाच ते दहा मिलीमीटर जागा राहिली पाहिजे आणि सगळी बोटं वरखाली हलवता आली पाहिजेत. मग दुकानातच वीसेक मिनिटं घालून बसा. करंगळीला आत्ता "थोडंसं लागतंय" असं वाटलं तर ते पुढे सैल होईल या भरवशावर घेऊ नका. हल्लीचं कृत्रिम कापड फारसं ताणत नाही.

बार्देशच्या भावांचं म्हणणं मला पटतं, क्लीट हा काही धर्म नाही. पण त्यांनी घातलेली अट महत्त्वाची आहे, सोल कडक हवा.

फोंडेकर_सायकल

ताई, देव बरें करूं! इनसोलची परीक्षा आत्ताच केली. बायको खाली बसून म्हणाली, करंगळी अख्खी बाहेर आहे आणि अंगठ्याच्या बाजूनेही मांस लोंबतंय. तिने फोटो काढून दाखवला. इतके दिवस मी त्या सोलच्या कडेवर पेडल मारत होतो तर.

मग ४२ वाइड मागवतो. दोन शंका उरल्या. क्लीट नेमकी कुठे बसवू? आणि तिसरं-चौथं बोटच का बधिर होतं, करंगळी का नाही? नसेचं काही असेल का?

मडगाव_फिजिओ

शेवटच्या शंकेचं मी सांगते. बोटांना जाणाऱ्या नसा चवड्याच्या लांब हाडांच्या मधून जातात. बूट दोन्ही बाजूंनी आवळला की ती हाडं एकमेकांजवळ येतात आणि नस मध्ये चिमटते. तिसऱ्या आणि चौथ्या बोटाच्या मधली जागा या त्रासाची नेहमीची जागा आहे. दीर्घकाळ असंच चालू राहिलं तर नसेभोवतीचं आवरण जाड होतं, त्याला मॉर्टनचा न्यूरोमा म्हणतात. बूट काढून पाच मिनिटांत तुम्हाला बरं वाटतं याचा अर्थ अजून गोष्ट दाबापुरतीच असावी. बूट बदलायची हीच वेळ आहे, आणखी एक हंगाम ढकलू नका.

मात्र सायकल नसतानाही, रात्री झोपल्यावर बोटं बधिर होत असतील, चप्पल घालूनही बोटांमध्ये खडा अडकल्यासारखं वाटत असेल, किंवा दोन्ही तळव्यांना मुंग्या येत असतील तर डॉक्टरांना दाखवा आणि साखर तपासून घ्या. मधुमेहात पायाची जाणीव कमी होते आणि बुटाने झालेली जखम कळतच नाही. हे घाबरवायला लिहीत नाही, घट्टा आणि कुरूप म्हणून दुर्लक्ष केलेल्या जखमा मी रोज बघते.

इनसोलखाली किंवा वर चिकटवायची छोटी मऊ गादी मिळते, मेटाटार्सल पॅड. तिने हाडं थोडी उघडतात आणि नसेला जागा मिळते. लोक ती दुखतं तिथेच लावतात आणि त्रास वाढतो. ती दुखऱ्या जागेच्या किंचित मागे, कमानीच्या बाजूला यायला हवी. पण अरुंद बुटात ती घालू नका, असलेली जागाही खाईल. आधी रुंद बूट, मग गादी.

आणि फर्मागुडीच्या चढावर हलका गिअर टाका. जड गिअरवर हळू पेडल मारलं की प्रत्येक फेरीला चवड्यावर जास्त जोर येतो. सपाटीवर मिनिटाला ८० ते ९० फेऱ्या पडतील असं बघा, चढावर त्याहून कमी पडतील, पण पाय रेटून चढू नका.

म्हापशेची_रँडोनर

मडगावच्या ताईंनी गादीची जागा सांगितली ते फार बरं झालं.

आता क्लीट. नवा बूट पायात घालून उभे राहा, अंगठ्याच्या मुळाचं हाड बाहेरून बोटाने चाचपून शोधा आणि तिथे बुटाच्या कडेला खडूने खूण करा. करंगळीच्या मुळाचं हाडही असंच शोधून दुसऱ्या कडेला खूण करा. ते थोडं मागे असतं. पेडलचा आस या दोन खुणांच्या मध्ये आला पाहिजे. आग होण्याची सवय असेल तर मागच्या, म्हणजे करंगळीच्या खुणेकडे झुकवा. क्लीट मागे घेतली की सीट एक-दोन मिलीमीटर खाली घ्यावी लागते, नाहीतर गुडघ्याच्या मागे ताण येतो. बोल्टच्या आट्यांना ग्रीस लावा आणि ५ ते ६ न्यूटन मीटरवर आवळा. ग्रीस मिरामार-दोनापावलला जाणाऱ्यांनी तर लावायलाच हवं, खाऱ्या हवेत बोल्ट गंजून सोलमध्येच अडकतो आणि मग चांगला बूट क्लीटपायी वाया जातो.

शिमानोच्या तीन बोल्टच्या क्लीटमध्ये पिवळीला सहा अंश हालचाल, निळीला दोन, लाल पूर्ण बांधलेली. तुम्ही पिवळीच ठेवा. रुंद पाय बहुधा थोडा बाहेर वळून बसतो, त्याला स्वतःची जागा शोधू द्यावी. एक बघायचं राहतं. रुंद बुटाची टाच क्रँकला, म्हणजे पेडलच्या दांड्याला, घासते का? घासत असेल तर क्लीट बुटाच्या आतल्या कडेला सरकवा, म्हणजे पाय क्रँकपासून बाहेर जाईल. तेवढ्याने भागलं नाही तर शिमानोच्या वरच्या दर्जाच्या पेडलमध्ये चार मिलीमीटर लांब आसाचा प्रकार मिळतो. बहुतेकांना त्याची गरज पडत नाही.

फेरीबोटीचं. दिवाडी असो की चोडण, भरती उतरल्यावर धक्क्याची उतरण शेवाळाने हिरवी असते आणि बोटीचा लोखंडी पत्रा ओला. तीन बोल्टची प्लास्टिकची क्लीट सोलच्या खाली उघडी असते, चालताना सगळा भार तिच्यावरच येतो. क्लीटवर चढवायची रबराची टोपणं मिळतात, ती जर्सीच्या मागच्या खिशात ठेवा आणि धक्क्यावर उतरल्याबरोबर लावा. क्लीटची झीजही त्याने कमी होते, कारण आपल्याकडच्या चिऱ्यांच्या वाटांवर प्लास्टिक भराभर घासतं. लाल माती क्लीटच्या पुढच्या ओठात घट्ट बसते, पेडलमध्ये घालताना "टक" आवाज आला नाही तर आधी ती माती काडीने काढा, जोर लावत बसू नका.

पण तुम्ही खरंच वारंवार दिवाडीला जात असाल, आणि बीआरएममध्ये कंट्रोलवर, टपरीवर, पेट्रोल पंपावर चालणार असाल, तर दोन बोल्टच्या एसपीडीचा, म्हणजे लहान क्लीटच्या पेडल-पद्धतीचा, विचार करा असं मी आग्रहाने सांगेन. क्लीट लहान, लोखंडी, आणि सोलच्या रबरात आत बसलेली, त्यामुळे साध्या बुटासारखं चालता येतं. शिमानोच्या एक्ससी मालिकेतही वाइड मिळतो. पेडल बदलावं लागेल, तो खर्च आहे. मोठ्या पेडलसारखा जोर पसरत नाही अशी तक्रार काही जण करतात, पण कडक सोल असेल तर तो फरक मला तरी चोर्ल्याच्या चढावरही जाणवत नाही. साखळीहून केरीमार्गे वर चढताना तासाभराहून जास्त वेळ चवडा दाबलेला असतो, तिथे जो बूट टिकला तो २०० ला टिकतो. मी स्वतः एसपीडीच वापरते.

पावसाबद्दल एक सांगून टाकते, कारण नवा बूट तुम्ही आत्ता मागवलात तर पहिले काही आठवडे ओलेच जातील. घरी आल्यावर इनसोल बाहेर काढायचे, बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, तासाभराने बदलायचे आणि पंख्याखाली उभे ठेवायचे. चुलीजवळ किंवा कडक उन्हात नको. डायलमध्ये लाल चिखल गेला असेल तर साध्या पाण्याच्या धारेखाली धरून दोन्हीकडे फिरवा, तेल घालू नका. ओला बूट तसाच कपाटात गेला की दोन दिवसांत बुरशी धरते, आणि ओल्या बुटात पायाची कातडी मऊ पडून कड लगेच लागते, मग बूट रुंद असूनही फोड येतो.

फोंडेकर_सायकल

ताई, एसपीडीचं पटलं. पेडल जुनीच झाली आहेत, बदलायचीच होती. म्हणजे एक्ससी वाइड, ४२. म्हापशात शुक्रवारी बाजाराला येणार आहे, तिथल्या सायकलच्या दुकानात ४२ वाइड आहे का ते आज फोन करून विचारतो, नसेल तर मागवायला सांगतो. संध्याकाळी पाचनंतरच जाईन. दुकानात इनसोल काढून उभा राहिलो की फोटो इथे टाकतो, करंगळी आत बसली की नाही ते तुम्ही बघून सांगा.

म्हापशेची_रँडोनर

दोन्ही पायांचे टाका, आणि फोटो वरून सरळ काढा, तिरका काढला तर रुंदी कळत नाही. मोजे काढून.